नाल्यात रात्री पाणी सोडणारी कंपनी कायद्याच्या कचाट्यात सापडते कुठे?

प्रश्न थोडक्यात असा आहे की एमआयडीसीच्या खालच्या अंगाला गाव आहे, नाल्याला रात्री लालसर पाणी येतं, विहिरींना वास मारतो, तक्रार केली की प्रदूषण नियंत्रण बोर्डाचा माणूस येतो, बाटली भरून नेतो आणि पुढे सगळं थंड. मग देशात पर्यावरणाचे एवढे कायदे आहेत म्हणतात ते नक्की वाचवतात कुणाला? राग बरोबर आहे तुमचा. मी बरीच वर्षं कंपन्यांच्या ईटीपीची (सांडपाणी शुद्ध करायची यंत्रणा) आणि कन्सेंटची (बोर्डाची परवानगी) कामं करतोय, मधूनमधून गावांच्या बाजूनेही तांत्रिक कागद तयार करून दिलेत, त्यामुळे हे दोन्हीकडून बघितलंय. जरा लांबेल, पण सांगतो.

आधी एक समजूत डोक्यातून काढा, की प्रदूषण केलं म्हणजे मालक जेलमध्ये. कागदावर तसं होतं. १९७४ च्या पाण्याच्या कायद्यात कलम २४ (घाण नदीनाल्यात सोडायला बंदी) मोडलं तर दीड वर्षापासून सहा वर्षांपर्यंत कैद लिहिलेली होती. पण तो खटला फौजदारी कोर्टात चालायचा, तारखांवर तारखा, तोवर सॅम्पल घेणारा अधिकारी बदलून गेलेला, फॅक्टरी मॅनेजर दुसऱ्या कंपनीत, आणि बचावाचा वकील फक्त एवढंच विचारणार की बाटलीवरचं सील कुणी लावलं. आता तर २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवेच्या आणि पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बऱ्याच कलमांमधली कैद काढून तिथे १०,००० ते १५ लाख रुपये दंड आणला, २०२४ मध्ये पाण्याच्या कायद्यातही तेच केलं. पाण्याचा हा बदल आधी काही राज्यांपुरता आला, कारण पाणी हा राज्यांचा विषय, बाकीच्यांनी विधिमंडळात ठराव करून तो स्वीकारायचा असतो. विनापरवाना उद्योग चालवला तर पाण्याच्या कायद्यात कैद अजूनही आहेच. खूप जणांनी ओरड केली की कायद्याचे दात काढले. मला तसं वाटत नाही, कारण त्या दातांनी कुणाला फार चावलेलं मी बघितलं नाही. १५ लाखाची कमाल मर्यादा मात्र मला हास्यास्पद वाटते, मोठ्या केमिकल युनिटला ईटीपी वर्षभर नीट चालवायला त्याच्या कितीतरी पट खर्च येतो, मग हिशोब तो काय करणार सांगा.

तर मग जोर कशात आहे? दोन गोष्टींत. एक म्हणजे कन्सेंट, आणि दुसरी म्हणजे लाईट-पाणी तोडायचा अधिकार. बाकी सगळं या दोन खुंट्यांवर टांगलेलं आहे.

कायदे कुठून आले ते पटकन सांगून टाकतो. १९७२ ला स्टॉकहोमला पर्यावरण परिषद झाली, इंदिरा गांधी गेल्या होत्या, त्यानंतर १९७४ ला पाण्याचा कायदा, १९७६ ला ४२ व्या घटनादुरुस्तीत कलम ४८अ आणि ५१अ (पर्यावरण जपणं हे सरकारचं आणि नागरिकांचं कर्तव्य), १९८१ ला हवेचा कायदा. मग डिसेंबर १९८४ ला भोपाळ झालं आणि सगळ्यांना कळलं की पाणी वेगळं, हवा वेगळी असं करून भागत नाही, एक छत्री कायदा लागेल, तो १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा. घातक कचऱ्याचे नियम, ईआयए (प्रकल्पाआधी पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास), उद्योगवार मर्यादा, हे सगळं त्या छत्रीखाली येतं. महाराष्ट्राने खरं तर आधीच, १९६९ ला, स्वतःचा पाण्याचा कायदा केला होता आणि एमपीसीबी, म्हणजे आपल्या राज्याचं प्रदूषण नियंत्रण बोर्ड, १९७० पासूनच आहे, हे फार कुणाला माहीत नसतं.

आता कन्सेंट. कुठलीही कंपनी उभी करायच्या आधी कन्सेंट टू एस्टॅब्लिश आणि चालू करायच्या आधी कन्सेंट टू ऑपरेट घ्यावं लागतं. उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवे, पांढरे असे गट असतात, डाय, फार्मा, टॅनरी, डिस्टिलरी हे लालमध्ये, पांढऱ्यांना नुसतं कळवलं तरी चालतं. तर हा कन्सेंटचा कागद म्हणजे त्या एका कंपनीपुरता कायदा समजा. त्यात लिहिलेलं असतं की कुठलं प्रॉडक्ट महिन्याला किती टन, रोज पाणी किती घनमीटर वापरायचं, त्यातून सांडपाणी किती निघणार, ते कुठे जाणार, सीईटीपीला (बऱ्याच कंपन्यांच्या सामायिक ईटीपीला) की शेतीला की शून्य डिस्चार्ज, चिमणी किती मीटर, इंधन कोणतं, घातक कचरा कुठला आणि तो कुणाकडे पाठवायचा. लोक बाटली भरून नाचवतात पण हा कागद वाचत नाहीत, आणि खरी चोरी बहुतेक वेळा याच कागदात सापडते.

कशी ते बघा. आपल्याकडे मर्यादा मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये असते. नदीनाल्यात सोडायचं असेल तर सर्वसाधारण मर्यादा बीओडी (घाण कुजताना पाण्यातला किती ऑक्सिजन खाते) ३०, सीओडी (तीच घाण रसायनांनी जाळायला किती ऑक्सिजन लागतो) २५०, तरंगते कण १००, तेल आणि ग्रीस १०, पीएच साडेपाच ते नऊ. (हेच पाणी शहराच्या गटारात सोडलं तर बीओडी ३५० पर्यंत चालतं, शेतीला १००, म्हणजे एकच पाणी एका तोंडाने कायदेशीर आणि दुसऱ्या तोंडाने बेकायदा ठरू शकतं.) आता समजा कंपनीच्या पाण्याचा सीओडी १००० आहे. त्याने एक भाग घाण पाण्यात तीन भाग बोअरचं चांगलं पाणी घातलं की सीओडी बरोब्बर २५०, रिपोर्ट पास, आणि नाल्यात गेलेली घाण मात्र ग्रॅमभरही कमी झाली नाही. बाटलीत हे कधीच दिसत नाही. कन्सेंटमध्ये दिसतं, कारण तिथे डिस्चार्जचं प्रमाणही लिहिलेलं असतं, रोज ६० घनमीटर असेल आणि आउटलेटला २४० मोजले गेले तर सीओडी कितीही सुंदर असो, अट मोडली. म्हणून बोर्डाच्या माणसाला फक्त सॅम्पल घ्या म्हणू नका, फ्लोमीटरचं रीडिंग घ्या म्हणा. त्याशिवाय ईटीपीला वेगळं वीज मीटर लावायची अट एमपीसीबीच्या कन्सेंटमध्ये असते, त्या मीटरचे युनिट बघितले की कळतं ईटीपीत हवा मारणारे ब्लोअर रात्री चालू होते की नुसते इन्स्पेक्शनपुरते. एमआयडीसीचं पाण्याचं बिल, त्या मीटरचं बिल आणि ईटीपीचं लॉगबुक, हे तीन कागद शेजारी शेजारी ठेवले की खोटं लपत नाही. लॉगबुकात रोज एकाच पेनाने, एकाच हाताने, एकसारखे आकडे दिसले की समजायचं की महिन्याचं लॉगबुक एका दुपारी लिहून काढलंय.

रंगाबद्दल एक कडू गोष्ट. तुमचा सगळा राग लाल पाण्यावर आहे, पण सर्वसाधारण मर्यादांच्या तक्त्यात रंगाला आकडाच नाही, तिथे एवढंच म्हटलंय की रंग आणि दुर्गंधी शक्य तितकी काढण्याचा प्रयत्न करावा. काही ठराविक उद्योगांना वेगळ्या मर्यादा आहेत, पण सरसकट नाहीत. त्यामुळे पाणी लाल आहे एवढं लिहून तक्रार दिली तर ती फाइल मऊ पडते. आणि उलटही खरं आहे, अगदी नितळ दिसणाऱ्या पाण्यात सॉल्व्हंट किंवा जड धातू असू शकतात. तक्रारीत रंग जरूर लिहा, पण त्याच्या पुढे वास, मासे मेले का, किती वाजता, नाल्यावर कुठल्या ठिकाणी, त्या वेळी वरच्या बाजूला पाणी कसं होतं हे लिहा. वरचं आणि खालचं असा फरक दाखवला की तक्रारीला वजन येतं.

आता सॅम्पल. इथे बहुतेक केसेस मरतात म्हणून जरा थांबून सांगतो. पाण्याच्या कायद्याचं कलम २१ म्हणतं की खटल्यात पुरावा म्हणून चालायचं असेल तर सॅम्पल घेतानाच कंपनीच्या माणसाला नोटीस द्यायची की हे तपासणीसाठी घेतोय, त्याच्यासमोर सॅम्पलचे दोन भाग करायचे, दोन्ही बाटल्यांना सील, दोन्हींवर अधिकाऱ्याची आणि कंपनीच्या माणसाची सही, एक बोर्डाच्या लॅबला आणि कंपनीने मागितलं तर दुसरी सरकारी लॅबला. कंपनीचा माणूस मुद्दाम गायब झाला तरी अधिकारी एकट्याच्या सहीने पुढे जाऊ शकतो, तशी सोय आहे. व्यवहारात काय होतं, गाडी गेटवर येते, सिक्युरिटीवाला रजिस्टरमध्ये नाव लिहा म्हणतो, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणतो, तेवढ्या पंधरावीस मिनिटांत आत एक व्हॉल्व्ह फिरतो. बायपास लाईन बंद, आउटलेटला फिल्टरचं पाणी. म्हणून चांगला फील्ड ऑफिसर गेटवर जातच नाही, आधी कंपाउंडच्या बाहेर नाल्यावर जाऊन बघतो, तिथलं सॅम्पल घेतो, मग आत जातो. असे अधिकारी आहेत, मी बघितलेत, एकेकाच्या गळ्यात शेकडो कंपन्या असतात हेही खरं. दुसरं असं की बीओडीची टेस्ट २७ डिग्रीला तीन दिवस चालते, सॅम्पल बर्फात ठेवून वेळेत लॅबला गेलं नाही तर आकडा आपोआप कमी येतो. शनिवारी संध्याकाळी घेतलेल्या सॅम्पलबद्दल मी नेहमी विचारतो की लॅबला कधी पोचलं.

मग तुम्ही स्वतः भरलेली बाटली वाया का? कलम २१ खाली खटल्याला नाही चालत. पण एनजीटीमध्ये, म्हणजे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात, चालते, कारण या ट्रिब्युनलला पुराव्याच्या कायद्याचं बंधन नाही, मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट, लोकेशन दिसणारा फोटो, व्हिडिओ यावरून ते बोर्डाची आणि कलेक्टरची जॉइंट कमिटी पाठवू शकतात आणि त्या कमिटीचं सॅम्पल मग अधिकृत.

दुसरी खुंटी म्हणजे पाण्याच्या कायद्याचं कलम ३३अ. हे मूळ कायद्यात नव्हतं, १९८८ च्या दुरुस्तीत आलं. हवेच्या कायद्यात तेच ३१अ, आणि पर्यावरण संरक्षण कायद्यात कलम ५. यात बोर्ड कोर्टात न जाता कंपनी बंद करायचे, वीज तोडायचे, पाणी तोडायचे आदेश देऊ शकतं. कंपनीवाले खरे घाबरतात ते याला. खटल्याची नोटीस आली तर वकिलाला पाठवून देतात, पण महावितरणला पत्र गेलं म्हटल्यावर मालक स्वतः बोर्डाच्या ऑफिसात येऊन बसतो, ऑर्डर बुक झालेली, रिअ‍ॅक्टरमध्ये बॅच अर्धवट, बँकेचे हप्ते चालू. साधारण पद्धत अशी की आधी शो कॉज, मग प्रस्तावित आदेश, त्यावर म्हणणं मांडायला पंधराएक दिवस, मग क्लोजर, म्हणजे बंदीचा आदेश. तातडीची हानी होत असेल तर कारण लिहून हे सगळं टाळून थेट आदेश देता येतो. तळोज्याचे निळे कुत्रे आठवतात का, ऑगस्ट २०१७, कासाडी नदीच्या पट्ट्यात भटके कुत्रे अंगाला डाय लागून निळे झाले, फोटो जगभर फिरले आणि बोर्डाने त्या कंपनीवर बंदीची कारवाई केली. नदीबद्दल लोक त्याआधीपासून ओरडत होते. मला यातून हेच दिसतं की अधिकार कायम होता, वापरायला निळा कुत्रा लागला.

क्लोजरचा दुसरा अंक मात्र नीट बघा. काही आठवड्यांनी कंपनी अर्ज करते की आम्ही सुधारणा केली, बँक गॅरंटी भरते आणि अटींवर सशर्त रिस्टार्ट मिळतो. तो रिस्टार्ट ऑर्डर मिळवा. त्यात तारखा असतात, अमुक महिन्यात नवीन एरेशन टँक, तमुक महिन्यात ऑनलाईन मीटर. तारीख उलटली आणि काम झालं नाही तर बँक गॅरंटी जप्त करा हे मागायला तुम्हाला नवीन पुरावा लागतच नाही, त्यांचाच कागद पुरतो. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्टच सांगितलंय की ३३अ आणि ३१अ खाली बोर्ड नुकसानीची भरपाईसुद्धा वसूल करू शकतं, त्याआधी यावर बराच घोळ होता. त्यामुळे आता "आम्हाला अधिकार नाहीत" हे उत्तर कुणी दिलं तर लेखी मागा.

कोर्टांचं सांगायचं तर आपल्याकडे कायद्याचं अर्धं अंग न्यायालयांनी घडवलंय. भोपाळला वर्ष होतंय तोच ४ डिसेंबर १९८५ ला दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम गळला, त्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने ठरवलं की धोकादायक धंदा करणाऱ्याची जबाबदारी पूर्ण, तिसऱ्याने केलं, निसर्गाने केलं अशी कुठलीच सबब नाही. १९९१ मध्ये स्वच्छ पाणी आणि हवा हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो म्हटलं. १९९६ मध्ये वेल्लोरच्या टॅनऱ्यांच्या केसमध्ये खबरदारीचं तत्त्व (नुकसान व्हायच्या आधीच रोखायचं) आणि बिछडीच्या केसमध्ये, जो घाण करेल तो भरेल. २०१७ च्या फेब्रुवारीत तर सांगितलं की ज्याला कन्सेंट लागतं त्याचं ईटीपी चालू स्थितीत नसेल तर त्याला चालूच देऊ नका.

बिछडी मुद्दाम समजून घ्या कारण ते तुमच्या विहिरींसारखंच आहे. राजस्थानात उदयपूरजवळचं गाव. तिथे एच-ॲसिड नावाचं डायसाठी लागणारं केमिकल बनवलं, जेमतेम ३७५ टन, आणि त्यातून गाळ निघाला २,४४० टन. तो उघड्यावर पसरला, पावसाने मुरला, विहिरींचं पाणी वापरण्याजोगं राहिलं नाही. ते उत्पादन थांबलं तरी गाळ तिथेच. १९८९ ला केस, १९९६ ला निकाल, साफसफाईचा खर्च ३७ कोटींच्या वर ठरला, कंपनी अर्जांवर अर्ज करत राहिली आणि शेवटी २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाला १२ टक्के चक्रवाढ व्याजासकट भरा असं सांगावं लागलं. कायदेशीर तत्त्व म्हणून हा निकाल सगळीकडे शिकवतात. गावाच्या बाजूने बघितलं तर बावीस वर्षं. जमिनीखालचं पाणी एकदा गेलं की कुठलाही निकाल ते लवकर परत आणत नाही, म्हणून विहिरीला वास यायला लागला असेल तर नाल्यापेक्षा आधी विहिरीच्या मागे लागा, कुठेतरी जमिनीत खड्डा करून किंवा जुन्या बोअरमध्ये सोडत असण्याची शक्यता असते, आणि घातक कचऱ्याचा हिशोब मागा. घातक कचरा कंपनीत साधारण ९० दिवसांच्या वर ठेवता येत नाही, तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी अशा ठरलेल्या ठिकाणी पाठवावा लागतो आणि प्रत्येक गाडीबरोबर मॅनिफेस्ट (कचरा किती आणि कुठे चाललाय त्याचा कागद) जातो. कन्सेंटमध्ये वर्षाला ५० टन गाळ लिहिलाय आणि मॅनिफेस्ट ५ टनांचे आहेत तर ४५ टन कुठे गेले हा प्रश्न बाटलीपेक्षा मोठा आहे.

राहता राहिलं तुम्ही नक्की काय करायचं. कन्सेंटची कॉपी एमपीसीबीच्या साईटवर मिळते, नाही मिळाली तर पाण्याच्या कायद्याच्या कलम २५(६) प्रमाणे बोर्डाचं रजिस्टर बाधित माणसाला बघता येतं, आणि माहिती अधिकार आहेच. दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत कंपनीने पर्यावरण विवरणपत्र भरायचं असतं, तेही मागा, त्यात पाणी, कच्चा माल, कचरा यांचे आकडे कंपनीने स्वतः दिलेले असतात आणि ते कन्सेंटशी क्वचितच जुळतात. बोर्डाला साठ दिवसांची नोटीस देऊन सामान्य माणूसही कोर्टात तक्रार दाखल करू शकतो, पाण्याच्या कायद्याचं कलम ४९, आणि तशी तक्रार केली की बोर्डाने त्यांच्याकडचे रिपोर्ट मागणीनुसार द्यायचे असतात. मला तर ही नोटीस खटल्यापेक्षा बोर्डाला हलवण्यासाठी जास्त उपयोगी वाटते, रजिस्टर्ड पोस्टाने गेली की फाइलवर कुणाला तरी शेरा मारावाच लागतो.

पण हे करताना घड्याळाकडे लक्ष ठेवा. एनजीटीला त्यांच्या कायद्याच्या कलम १४ खाली जायचं तर कारण पहिल्यांदा घडल्यापासून सहा महिने, फार तर वर साठ दिवस. गावं काय करतात, दोन वर्षं तहसीलदार, कलेक्टर, पालकमंत्री अशी निवेदनं देत बसतात, फोटो काढतात, पेपरात बातमी येते, आणि ट्रिब्युनलमध्ये गेल्यावर समोरचा वकील पहिलं निवेदनच दाखवतो की यांना तेव्हापासून माहीत होतं. रोज नवीन डिस्चार्ज म्हणजे रोज नवीन कारण असा युक्तिवाद करता येतो पण त्यावर विसंबू नका. त्यापेक्षा विहिरी, शेती, मासे यांचं नुकसान आणि जागा पूर्ववत करणं हे कलम १५ खाली मागा, तिथे मुदत पाच वर्षांची आहे. भरपाईचा आकडा टाकताना पंचनामा, तलाठ्याचा रिपोर्ट, विहिरीच्या पाण्याचा लॅब रिपोर्ट जोडा. समोरच्याची उलाढाल एवढी म्हणून दंड एवढा असं आकडेगणित करू नका, २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने आपल्याच राज्यातल्या एका कंपनीच्या केसमध्ये एनजीटीने असा लावलेला २५ कोटींचा दंड रद्द केलाय.

वकील लागतोच का असंही विचारलंय. सक्ती नाही, स्वतः उभं राहता येतं, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे, आणि भरपाई मागितली नसेल तर अर्जाची फी हजार रुपये आहे, भरपाई मागितली तर रकमेच्या एक टक्का. पण पहिल्या तारखेला कमिटी नेमून घ्यायची असेल तर अर्ज मुद्देसूद लागतो, त्यासाठी एकदा तरी एनजीटीत काम करणाऱ्या वकिलाकडून वाचून घ्या. आणि कमिटी येणार त्या दिवशी गावातल्या दोघातिघांनी पहाटेपासून नाल्यावर थांबा, कारण कंपनीलाही त्या तारखेची नोटीस गेलेली असते.